लाल सोडून काही टोचायचं नाही

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ज्या दवाखान्यात मी नर्स आहे, तिथं व्हिटॅमिन बी-१२ ची सुई घ्यायला रोज कुणी ना कुणी येतंच. यातल्या बऱ्याच जणांचं गोळीवर भागलं असतं. खाण्यातून बी-१२ मिळत नाही एवढंच कारण असेल, तर रोजची १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. पण ‘ताकदीची सुई’ म्हटलं की गोळीवर कुणाचा विश्वास बसत नाही.

त्या दिवशी आलेल्या काकांना मात्र खरंच सुई लागणार होती, आणि तीही जन्मभर. काका चपला बनवणारे. बोटांना मुंग्या, आणि चालताना चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागायचा नाही. कोल्हापुरीला मागं पट्टा नसतो, त्यामुळं ती मागं राहायची आणि काका पुढं.

“मी आठवड्याला मटण खातोय की ओ सिस्टर. मग हे कमी पडलंच कसं?”

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हा प्रश्न रास्तच. मटणातलं बी-१२ आतड्यानं उचलायला ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं प्रथिन लागतं आणि ते जठरात तयार होतं. काकांच्या शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावरच उठली होती. ताटात किती का येईना, आतलं दारच बंद. या आजारात रक्त कमी होत जातं, पूर्वी माणसं दगावत. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोज भरपूर कलेजी खायला घालून रुग्ण वाचवले, त्याबद्दल १९३४ चं नोबेल त्यांना व्हिपल या तिसऱ्या डॉक्टरांबरोबर विभागून मिळालं. “मग कलेजीच खातो की,” काका म्हणाले. रोज, जन्मभर, आणि तीही पाव किलोच्या आसपास, असं सांगितल्यावर गप्प बसले.

सुरुवातीची इंजेक्शनं दिवसाआड दवाखान्यातच झाली होती. ती घरी घेऊच नयेत. एक तर ॲलर्जी आली तर सांभाळायला माणूस हवा. दुसरं म्हणजे रक्त फार कमी असेल तर नव्या पेशी भराभर बनताना रक्तातलं पोटॅशियम खाली येऊ शकतं, त्यावर डॉक्टरांची नजर लागते. आता महिन्याला एक, १००० मायक्रोग्रॅम. तेवढ्यासाठी कामाचा दिवस मोडून एसटीनं यायचं कशाला, म्हणून डॉक्टरांनी घरी शिकायला सांगितलं. सोबत सून आली होती.

शिकवण्याआधी मी घरचंच सामान पिशवीतून काढायला लावते. सुनेनं डबा उघडला. त्यात पाच अँप्यूल, म्हणजे काचेच्या बंद कुप्या, लाल औषधाच्या, बी-१२ च्या, आणि एक फिक्कट पिवळी. पिवळी हातात घेऊन तिरकी केली, तर आतलं औषध तेलासारखं संथ सरकलं. लेबल वाचलं: व्हिटॅमिन डी, ६ लाख युनिट.

“ती आत्याबाईंची आहे ओ ताई. म्हटलं, व्हिटॅमिनचंच आहे, एकत्र ठेवावं.”

हीच खरी धोक्याची जागा. बी-१२ जास्त झालं तर बहुतेक लघवीवाटे निघून जातं. डी चरबीत साठतं. ६ लाखाचा डोस चुकून महिन्याच्या महिन्याला गेला, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. तहान, उलट्या, बद्धकोष्ठ, पुढं मूत्रपिंडावर येतं. म्हणून त्यांना नियम दिला: लाल सोडून काही टोचायचं नाही, आणि लाल असलं तरी नाव, मायक्रोग्रॅम आणि मुदत वाचल्याशिवाय नाही. बाजारात ५०० ची मिळते, १५०० ची मिळते. नुसत्या मिलीवरून ताकद कळत नाही. बी-१, बी-६ मिसळलेलीही लालच असतात. त्यातल्या बी-१ ची ॲलर्जी क्वचित पण जोरदार येते, ती घरी घ्यायची नाहीत. औषध खोक्यातच ठेवायचं, कारण उजेडानं बी-१२ खराब होतं.

मग अँप्यूल. काकांच्या बोटांना काच नीट जाणवत नव्हती, म्हणून फोडायचं काम सुनेकडं. वरच्या टोकात अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणायचं. मानेवरचा ठिपका आपल्याकडं, भोवती गॉजची घडी, आणि डोकं आपल्यापासून दूर मोडायचं. ठिपक्याच्या बाजूलाच काचेला चीर असते; उलट्या बाजूनं जोर केला की काच चुरते आणि बोट कापतं. २ मिलीच्या सिरिंजला हिरवी, २१ नंबरची सुई लावून औषध ओढायचं, मग ती बदलून निळी, २३ नंबरची एक इंची लावायची. ओढलेली सुई काचेला घासून बोथट होते, काचेचा बारीक कणही तिच्यात असू शकतो. नवी सुई पिळून घट्ट बसवायची. सैल राहिली तर दट्ट्या दाबताना निसटते आणि अर्धा डोस लेंग्यावर. इन्शुलिनची सिरिंज चालणार नाही, तिची सुई स्नायूपर्यंत पोचतच नाही.

जागा मांडीची बाहेरची बाजू. गुडघ्याच्या वर एक वीत नव्हे, तळहाताची रुंदी सोडायची, खुब्याच्या हाडाखाली तेवढीच, आणि मधल्या पट्ट्यात टोचायचं. कुल्ला नको, तिथं मोठा मज्जातंतू असतो आणि ती जागा स्वतःला दिसतही नाही. खुर्चीत बसून पाऊल जमिनीवर टेकवायचं, मांडी सैल. ताठ मांडीत सुई जास्त दुखते. स्पिरिट लावून अर्धा मिनिट वाळू द्यायचं, ओलं असताना टोचलं की झोंबतं.

काकांनी आधी मोसंब्यावर हात बसवला. तिथं त्यांनी सुई आरीसारखी दाब देत देत घातली. चामड्याला ते ठीक, माणसाला नव्हे. सरळ नव्वद अंशात, एका झटक्यात. दुसऱ्या वेळी जमलं. हात आयुष्यभर हत्यारावरचाच. दट्ट्या मात्र सावकाश, १ मिलीला दहा सेकंद. बोटांना अंदाज येत नाही म्हणून सिरिंजवरच्या रेघांकडं बघत दाबायला लावलं. सुई काढून कोरड्या कापसानं नुसतं दाबायचं, चोळायचं नाही.

“झालं एवढंच?” काका म्हणाले.

टोचणं झालं होतं. सुनेनं सवयीनं टोपण उचललं आणि मी तिचा हात धरला. टोपण परत घालतानाच सुया बोटात जातात. वापरलेली सुई सिरिंजसकट, फुटलेल्या काचेसकट जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या डब्यात टाकायची आणि डबा पाऊण भरला की दवाखान्यात आणून द्यायचा. घंटागाडीत नाही, कचरा वेगळा करणाऱ्याच्या हाताला ती लागते. “फरशी पुसायच्या औषधाचा डबा चालतोय काय?” चालतो, वर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहा, आणि पोरांच्या हाताला येणार नाही असा ठेवा.

पिवळी अँप्यूल तिनं वेगळ्या पिशवीत घातली. आत्याबाईंना ती कुणी आणि कधी लिहून दिली, ते विचारायला फोन लावला तर त्या म्हणाल्या, गेल्या महिन्यात एक टोचून झालीय, ही दुसरी. चिठ्ठी आणि पिशवी घेऊन त्यांना उद्याच डॉक्टरांकडं पाठवा, असं मी सुनेला सांगितलं.