निदान काय?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपमध्ये चार डोकी होती आणि प्रोजेक्टचे सात विषय. त्यातला एक पक्का झाला तो माझ्या आजीमुळे. आजी बागलाणातली, सटाण्याकडची. आता सिडकोत आमच्याकडे असते. कान तिचे शाबूत आहेत, पण दवाखान्यातून बाहेर पडून रिक्षात बसली की पहिला प्रश्न ठरलेला : "डॉक्टर काय म्हननात?" ऐकलेलं सगळं असतं, मधले पाच-सहा शब्द अडलेले असतात.

तेव्हा ठरलं की चष्मा करायचा. समोरचा बोलेल त्यातला अवघड शब्द ओळखून त्याचा सोपा अर्थ काचेवर दाखवायचा. गाईड सरांनी गुगलने मे 2022 मध्ये दाखवलेला भाषांतराच्या चष्म्याचा व्हिडिओ लावला. त्यात आई मँडरीन बोलते, मुलगी इंग्रजी, आणि शब्द डोळ्यांपुढे उमटतात. सर म्हणाले, "त्यांना जमलं, तुम्ही निदान सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, तरी वेळेत द्या." हा ‘निदान’ पुढे आम्हाला चांगलाच भोवणार होता.

सामान एमजी रोडवर फिरून जमवलं, राहिलेलं ऑनलाइन मागवलं : ईएसपी32 हा ब्लूटूथ असलेला छोटा बोर्ड, 0.96 इंची ओएलईडी पडदा, बहिर्गोल भिंग, छोटा आरसा, पारदर्शक ॲक्रिलिक. डोळ्यापासून चार सेंटिमीटरवर धरलेला पडदा कोणालाच स्पष्ट दिसत नाही. म्हणून तो भिंगाच्या नाभीच्या किंचित आत ठेवायचा, म्हणजे अक्षरं हातभर लांब असल्यासारखी वाटतात. पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे. आमचे नऊ दिवस गेले. त्यात आरशामुळे अक्षरं उलटी दिसायची, ती आधीच उलटवून पाठवावी लागली.

त्याहून जास्त छळ मराठीने मांडला. आम्ही वापरलेल्या डिस्प्लेच्या लायब्ररीला देवनागरी जोडता येईना. ‘किडनी’तली पहिली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरांचे पाय मोडायचे. शेवटी अर्थाचं चित्रच मोबाइलवर तयार करून ते पाठवायला लागलो. 128 गुणिले 64 ठिपके म्हणजे एका चित्राला फक्त 1024 बाइट, ब्लूटूथला काहीच जड नाही. हे सुचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि आम्ही उगाचच एकमेकांना टाळ्या दिल्या.

बोलणं ओळखून ते अक्षरांत उतरवायला व्हिस्पर नावाचं सॉफ्टवेअर घेतलं. ओपनएआयने ते सप्टेंबर 2022 मध्ये खुलं केलं, 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकवलेलं, आणि त्याच्या भाषांत मराठी आहे. ते 30 सेकंदांच्या तुकड्यांवर चालतं. तेवढा वेळ थांबलो असतो तर डॉक्टरांनी पुढचा पेशंट घेतला असता. म्हणून तीन-तीन सेकंदांचे तुकडे पाडले. मग शब्दच मधून चिरले जाऊ लागले, ‘क्रिएटि’ एकीकडे आणि ‘निन’ दुसरीकडे. प्रत्येक तुकड्यात आधीचा एक सेकंद पुन्हा घातला तेव्हा कुठे निभावलं.

आता अवघड शब्द कोणता? आम्ही सोपा रस्ता धरला : रोजच्या बोलण्यात जो क्वचित येतो, तो अवघड. असे 300 शब्द काढले आणि प्रत्येकाचा दोन-तीन शब्दांत अर्थ लिहिला, कारण आजी चौथी शिकलेली, वाचते पण सावकाश. ‘एचबीएवनसी’ म्हणजे ‘तीन महिन्यांची साखर’. ‘पीपी’ म्हणजे ‘जेवणानंतरची साखर’. हे काम मला सगळ्यात आवडलं, खरं तर प्रोजेक्टमध्ये माझ्या वाट्याचं तेवढंच होतं असं बाकीचे तिघे म्हणतात.

डॉक्टरांची परवानगी घेऊन आजीला चष्मा घातला. नाकावर जड, कानामागून वायर, वायरला पॉवर बँक. डॉक्टर ‘क्रिएटिनिन’ म्हणाले, काचेवर ‘किडनीची तपासणी’ उमटलं. आम्ही खूश. आजी म्हणाली, "हे माले माहीत शे." बरोबरच होतं. आजोबांच्या डायलिसिसच्या फेऱ्या दोन वर्षं तिनेच केल्या होत्या.

पुढे डॉक्टर म्हणाले, "आजी, आधी निदान होऊ द्या, मग औषध बदलू." चष्मा गप्प. ‘निदान’ आमच्या यादीत कसा असेल? दिवसातून दहा वेळा बोलला जाणारा शब्द. आजीने थोडी वाट पाहिली आणि विचारलं, "निदान काय?" तिच्या लेखी ‘निदान’ म्हणजे ‘कमीत कमी’; कमीत कमी काय होऊ द्या, असं तिला विचारायचं होतं. डॉक्टरांना वाटलं, ती अर्थ विचारते आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तसंच ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’. टीव्हीमुळे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं हे तिला पाठ, म्हणून ती हसली.

आम्ही परत आलो ते यादी फाडूनच. शब्द किती वेळा येतो हे मोजून भागत नाही, तो कोणासमोर आणि कुठल्या खोलीत बोलला जातोय हेही बघावं लागतं. ‘क्रिएटिनिन’ आजीच्या यादीतून काढला, ‘निदान’ घातला, त्यापुढे ‘कोणता आजार ते ठरवणं’. तिला येणारे शब्द तिनेच बटण दाबून कायमचे गाळायचे, अशी सोय केली. पहिल्याच दिवशी तिने चुकून अकरा गाळले.

दुसऱ्या खेपेला वेगळीच गंमत झाली. डॉक्टर मूळचे कोल्हापूरचे. आजी म्हणाली, "डोयासमोर काया काया दिखास." म्हणजे डोळ्यांसमोर काळं काळं दिसतं. अहिराणीत, आजीच्या बोलीत, ‘ळ’चा ‘य’ होतो, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? लॅपटॉपवर उमटलं : ‘काया काया’. म्हणजे शरीर, दोनदा. डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "हा चष्मा खरं म्हणजे मला द्यायला हवा."

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) आले. पहिला प्रश्न : "ह्याला ऑगमेंटेड रिॲलिटी, एआर, का म्हणता?" 1997 साली संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी सांगितलेल्या तीन अटी त्यांनी आमच्याकडूनच वदवून घेतल्या : खरं आणि आभासी एकत्र हवं, ते त्या क्षणी प्रतिसाद देणारं हवं, आणि खऱ्या जगातल्या जागेशी नेमकं जुळलेलं हवं. तिसरी आमच्यात नाही. अर्थ डॉक्टरांच्या तोंडाजवळ नव्हे, काचेच्या कोपऱ्यात उमटतो. ते म्हणाले, "मग नावातून एआर काढा." मुद्दा त्यांचा खरा होता. पण ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाच्या, चार प्रती सोनेरी अक्षरांत बांधून झाल्या होत्या, आणि बाइंडिंगवाला पैसे आधी घेतो.

‘फ्युचर स्कोप’मध्ये सगळे लिहितात तसं क्लाउड वगैरे लिहिलं होतं. त्याखाली मी हाताने एक ओळ घातली : अहिराणी. व्हिस्परच्या भाषांत ती नाही. रविवारी आजीला मोबाइलसमोर बसवते. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, तिथपासून सुरुवात केली आहे. दर चार शब्दांनी ती थांबते आणि चहा मागते.