बाळासाठी धुऊन वापरायची सुती पुसणी : माझा अनुभव

बाळ झाल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा हिशेब मांडला, तेव्हा वेट वाइप्सचा खर्च दुधाच्या बिलाच्या जवळपास गेलेला दिसला. बहात्तर वाइप्सचे पाकीट आमच्याकडे आठवडाभरही टिकत नसे, कारण एका शीला एक पुरेल असे म्हटले तरी घाईत दोन-तीन ओढले जातातच. एका पगारावर चालणाऱ्या घराला हा खर्च पुढची दोन वर्षे झेपणारा नव्हता. म्हणून सांगलीतल्या आमच्या घरी, धुऊन पुन्हा वापरता येतील अशी सुती पुसणी शिवायचे मी ठरवले. खर्च हेच खरे कारण होते. बाजारातल्या बहुतेक वाइप्समध्ये पॉलिएस्टरसारखे कृत्रिम तंतू असतात आणि ओल्या कापडात जंतू आणि बुरशी वाढू नये म्हणून त्यांत परिरक्षकेही घालावी लागतात, हे मी नंतर वाचले. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या द्रव्यामुळे त्वचेला ॲलर्जी होण्याचे प्रकार इतके वाढले, की अंगावर तशाच राहणाऱ्या प्रसाधनांत ते वापरण्यास युरोपीय संघाने २०१६ मध्ये मनाई केली.

कापडासाठी दुकानात जाण्याआधी घरातले कपाट उघडावे. सासूबाईंची विरलेली सुती पातळे आणि आजेसासऱ्यांचे एक धोतर एवढ्यावर आमची निम्म्याहून अधिक पुसणी झाली. शेकडो वेळा धुतलेल्या धोतराला जो मऊपणा येतो, तो विकतच्या कोणत्याही मलमलीला नसतो. मात्र सुती म्हणून जपलेले प्रत्येक लुगडे सुती असतेच असे नाही. शंका आली की कडेचा एक धागा उपसून चिमट्यात धरावा आणि काडी लावावी. सूत कागदासारखे जळते आणि त्याची बोटांनी चुरडता येणारी राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याच्या टोकाला टणक मणी तयार होतो. एका पातळाचा पदर असा सुती निघाला आणि काठ कृत्रिम, म्हणून काठ कापून बाजूला ठेवले. ह्यांचे जुने बनियनही कामी आले. होजिअरीच्या कापडाची कड गुंडाळते, पण उसवत नाही, त्यामुळे ती पुसणी नुसती कापून घेतली तरी चालतात.

उरलेल्या पुसण्यांसाठी कापडपेठेतून थोडे मांजरपाट आणले. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि त्यावर टाकलेले पाणी आत मुरण्याऐवजी थेंबाथेंबाने ओघळते. ते रात्रभर भिजत घालून, दुसऱ्या दिवशी धुण्याच्या सोड्यात उकळून आणि पुढे तीन-चार वेळा धुतल्यावरच ते पाणी शोषू लागले. बाळ यायच्या आधीच हे उरकून ठेवणे बरे.

माप साधारण आठ इंच चौरस ठेवले. तळहातावर पसरून एक घडी घालता येते आणि स्वच्छ बाजू वर घेऊन तेच पुसणे दुसऱ्यांदा वापरता येते. धोतराचे कापड झिरझिरीत असल्याने ते दुहेरी शिवले. कडा मोकळ्या सोडू नयेत, आणि हे केवळ दिसण्यासाठी नाही. सुटलेला धागा तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर तो आवळत जाऊन रक्तपुरवठा थांबवू शकतो, आणि बोट सुजल्यावर तो धागा दिसतही नाही. पिको करून घेताना दोरा सुतीच लावायला सांगावा. नायलॉनच्या दोऱ्याची टोके टोचतात.

पुसणी भिजवण्यासाठी तेल, बेबी साबण आणि सुगंधी अर्क यांचे मिश्रण करून ठेवण्याची कृती अनेक जण सांगतात. माझ्या मते तो खटाटोप अनावश्यक आहे. साधे कोमट पाणी पुरते, आणि परिरक्षक नसलेले ओले कापड डब्यात साठवले तर आपल्या हवेत एका दिवसात त्याला वास येऊ लागतो. आम्ही पुसणी कोरडीच रचून ठेवतो, शेजारी उकळून कोमट केलेल्या पाण्याचा लहान थर्मास असतो आणि लागेल तेव्हाच एक भिजवून पिळतो. मुलगी असल्याने पुसताना हात नेहमी पुढून मागे न्यायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवले. तोंड पुसायची पुसणी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवली, म्हणजे सरमिसळ होत नाही.

खरे काम धुण्यात आहे. वापरलेली पुसणी झाकणाच्या कोरड्या बादलीत टाकतो. पाण्यात भिजत ठेवली तर वास वाढतो, शिवाय रांगत्या मुलाच्या घरात भरलेली बादली धोक्याची असते. पहिले खळबळून घेणे गार पाण्यातच करावे, कारण गरम पाण्याने शीचा डाग कापडात पक्का बसतो. त्यानंतर गरम पाणी आणि साधी पावडर. आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने वडीच्या साबणाचा साका धाग्यांत बसून पुसणी पापडासारखी ताठ होत; पावडर आणि चिमूटभर धुण्याचा सोडा यांमुळे ते थांबले. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र टाळावा, कारण त्याच्या थरामुळे कापड पाणी शोषेनासे होते. रॅशसाठी लावायच्या झिंकच्या मलमाचेही तसेच, म्हणून मलम पुसायला दोन-चार जुनी पुसणी वेगळी ठेवली आहेत. अंगावरच्या दुधाच्या शीचा पिवळा डाग धुऊन गेला नाही, तरी ओले पुसणे चैत्रातल्या उन्हात टाकले की दुपारपर्यंत तो फिका पडतो. वरचे अन्न सुरू झाल्यावर शी घट्ट होते, तेव्हा ती आधी संडासात झटकून टाकावी लागते.

पावसाळ्यात हे गणित बिघडते. आषाढ-श्रावणात वाळत घातलेले पुसणे दुसऱ्या दिवशीही दमटच लागते आणि दमट घडी करून ठेवले की काळे ठिपके धरते. त्या दिवसांत पंख्याखाली स्टँड लावून, शेवटी इस्त्री फिरवूनच पुसणी डब्यात जातात. विजेचा आणि वेळेचा हा खर्च धरूनही वाइप्सपेक्षा स्वस्त पडते, पण ज्या घरी धुणे एकट्या बाळंतिणीवरच पडणार असेल, तिथे मी हा आग्रह धरणार नाही. आमच्याकडे संध्याकाळची बादली हे धुतात, म्हणून ही व्यवस्था टिकली आहे.

मिरजेहून रेल्वेने जाताना सकाळी भिजवून पिळलेली पुसणी डब्यात घेते आणि वापरलेल्यांसाठी घट्ट चेनची पिशवी ठेवते. पाळणाघरातल्या मावशींनी मात्र घाण कापड दिवसभर सांभाळायला नकार दिला, आणि इतक्या मुलांत त्यांचे म्हणणे मला पटले. तिथे अजूनही विकतचेच पाकीट देते. ते आता महिनाभर पुरते.