बाबांची स्लाइड रूल राज्याच्या संग्रहालयाला देताना

बाबा गेल्यावर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं बेथलेहेमचं घर आवरायला घेतलं तेव्हा माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली. आत त्यांचं पांढरं हेल्मेट, तीन डायऱ्या आणि कातडी कव्हरातली स्लाइड रूल, म्हणजे कॅल्क्युलेटर येण्याआधी इंजिनिअर आकडेमोडीला वापरायचे ती सरकती पट्टी. सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर होऊन बाबा १९६९ साली इथल्या बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीत आले, ते ही पट्टी बरोबर घेऊनच. मागच्या बाजूला कर्कटकाच्या टोकाने देवनागरीत आडनाव कोरलेलं. काच मधोमध पिवळी पडलेली, पण सरकपट्टी अजून लोण्यासारखी सरकते. १९९५च्या नोव्हेंबरात इथली शेवटची भट्टी बंद झाली, त्या आठवड्यात बाबांनी डायरीत फक्त तारखा लिहिल्यात, मजकूर काही नाही.

हे सगळं राज्याच्या राजधानीतल्या, हॅरिसबर्गच्या राज्य संग्रहालयाला द्यावं असं मला वाटलं. ताईचा पहिलाच प्रश्न : "उद्या सरकारकडे पैसे नसले आणि त्यांनी ते विकून टाकलं तर? देतोयस कुणाला, ते तरी नीट बघ."

म्हणून बघायला बसलो. हे संग्रहालय पेनसिल्व्हेनिया हिस्टॉरिकल अँड म्युझियम कमिशनच्या अखत्यारीत आहे. १९४५ साली राज्याचं संग्रहालय, दफ्तरखाना आणि जुना इतिहास आयोग असे तीन विभाग एकत्र करून हा आयोग झाला. त्यावर चौदा जण असतात : गव्हर्नरने नेमलेले आणि सिनेटने मान्य केलेले नऊ नागरिक, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांचे चार सदस्य आणि पदसिद्ध म्हणून शिक्षण सचिव. मला हे महत्त्वाचं वाटलं. एकटा संचालक किंवा एकटा मंत्री मनात आलं म्हणून काही करू शकत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातल्या २७व्या कलमात परिसराचं ऐतिहासिक मोल जपलं जाण्याचा लोकांचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क राखायची जबाबदारी रोजच्या कामात ज्यांच्यावर येते, त्यांत हा आयोग आहे.

प्रत्यक्ष कामाला सहा महिने लागले. कुणाला असं काही द्यायचं असेल तर पेटी उचलून दारात जाऊ नका. आधी फोटो आणि माहिती पाठवायची : वस्तू कुणी वापरली, कधी, कुठे, मालकी कुणाची. आमच्या बाबतीत मालक दोघं, म्हणून सह्याही दोघांच्या. मी चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. संग्रहपाल बाईंनी उलट विचारलं, कारखान्याच्या कोणत्या विभागात वापरली? तेव्हा मला बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करावे लागले, आणि बाबांबद्दल चाळीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते त्या दोन आठवड्यांत कळलं.

डायऱ्या संग्रहालयात बसत नाहीत, कागदपत्रं राज्याच्या दफ्तरखान्याकडे जातात, असं त्यांनी सांगितलं. तोही याच आयोगाखाली, त्यामुळे पेटी फुटली तरी घर एकच राहिलं. मराठी वाचणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक डायरीबरोबर मी दोन पानांचा इंग्रजी सारांश जोडून दिला.

मधल्या काळात आयोगाच्या एका बैठकीला जाऊन बसलो. सरकारी बैठका लोकांना खुल्या ठेवणाऱ्या इथल्या सनशाइन कायद्यामुळे सामान्य माणसाला तो हक्क आहे. पुढे टेबलाभोवती सदस्य, मागे आम्ही पाचसहा जण. विषयपत्रिकेवर संग्रहातून काढायच्या वस्तूंची यादी होती. ताईची भीती ती हीच. एकेका नोंदीपुढे कारण लिहिलेलं : दुसरी प्रत आहे, पार खराब झाली आहे, पेनसिल्व्हेनियाशी संबंध नाही. एका सदस्याने एका वस्तूवर थांबून विचारलं, ही मुळात कुणी दिली होती? उत्तर मिळेपर्यंत मतदान पुढे गेलं नाही. रात्री ताईला फोन करून मी एवढंच सांगितलं, आणि ती म्हणाली, "मग दे."

अडलं ते बक्षीसपत्रावर. पट्टी कायम मांडून ठेवावी, अशी अट मला हवी होती. तशी अट ते घेत नाहीत. आज मी अट घातली तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या संग्रहपालाचे हात बांधले जातात, असं बाईंनी समजावलं. दोन रात्री झोप लागली नाही. संग्रहालयांतल्या बहुतेक वस्तू कोठारातच असतात, हे माहीत असूनही आपल्या बापाची वस्तू फडताळात जाणार हे पचायला जड गेलं. शेवटी अट खोडली.

सह्या करायला ताई आणि मी गाडीने हॅरिसबर्गला गेलो, दीड तासाचा रस्ता. कॅपिटॉल म्हणजे राज्याच्या विधिमंडळाशेजारची ती गोल इमारत १९६५ सालची, आत शिरताच पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनचा भला थोरला पुतळा. बाईंनी पांढरे हातमोजे घालून पट्टी घ्यायला हात पुढे केले. ताई म्हणाली, "एक मिनिट." तिने सरकपट्टी एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणली, कव्हरात घातली, बटण लावलं आणि मग दिली.