कोण कुठे उभं आहे

शुक्रवार, रात्री उशिरा

'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३' हा व्हिडिओ गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलाय. एप्रिल २०२५मध्ये आला तेव्हा गोष्टीच्या ओढीने पळत पळत संपवला होता. डिसेंबरात त्याला 'गेम ऑफ द इयर' मिळालं, तेव्हा ठरवलं की आता गोष्ट माहीत आहे, तर या खेपेला फक्त लढायांकडे बघायचं. ते काही जमेना. लुमिएर शहरात गुस्ताव्ह आणि सोफी एकमेकांशी बोलत बंदराकडे निघाले आणि पुढचं सगळं ठाऊक असूनही घसा दाटून आला. समुद्रापलीकडच्या अजस्र शिळेवर एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. दरवर्षी आकडा एकाने कमी. फ्रान्समधल्या माँपेलियेच्या एका लहानशा स्टुडिओचा हा पहिलाच गेम आहे, यावर विश्वास बसत नाही.

शेवटी लढाया आल्याच. गेम पाळीपाळीने लढायचा आहे: आधी आपण, मग शत्रू. अशा जुन्या गेममध्ये शत्रूची पाळी आली की हात मोकळे असायचे, आपण मार खायचा आणि आकडे कमी होताना बघायचे. इथे खरा खेळ सुरू होतो तो शत्रूच्या पाळीत. त्याचा वार अंगावर येत असताना नेमक्या क्षणी बटण दाबलं की डॉज, म्हणजे वार चुकवणं, त्याहून नेमक्या क्षणी दाबलं की पॅरी, म्हणजे वार परतवणं. त्याच्या वारांची पूर्ण मालिका परतवली तर आपला उलटा तडाखा बसतो आणि तेव्हा कंट्रोलर हातात असा थरथरतो की मीच मारलं असं वाटतं.

शत्रू फसवतात. तलवार उचलतात आणि मध्येच थबकतात, आपण घाईने बटण दाबून बसतो. आज लक्षात आलं की मी डोळ्यांनी खेळतच नाही. तबलजी तिहाई घेतो तेव्हा दुसरी फेरी संपायच्या आत कानाला सम कुठे पडणार ते कळलेलं असतं, तसंच काहीसं होतं. आवाज बंद करून एक लढाई खेळून बघितली, नुसता मार खाल्ला.

झोपताना डोक्यात एक गोष्ट घोळतेय. वाराचे तीन भाग असतात: हात मागे जातो, हात येतो, आणि आदळतो. गेमला पहिला भाग दाखवावाच लागतो, कारण मला त्याला उत्तर द्यायचं असतं. सिनेमावर ती सक्ती नाही. तो पहिले दोन भाग कापून फक्त आदळलेलं दाखवू शकतो, आणि बरेच सिनेमे तेच करतात. कॅमेरा हलतो, तुकडे पडतात, कुणीतरी भिंतीवर जाऊन आपटतो. कुणी मारलं, कुठून मारलं, काही कळत नाही.

शनिवार

म्हणून आज मुद्दाम 'किल' लावला. जुलै २०२४मध्ये थिएटरात पाहिला होता, आज मित्राला दाखवायला घरी. त्याने आधी पाहिला नव्हता.

दिल्लीला निघालेली गाडी, डब्यात दरोडेखोर, आणि त्याच गाडीत एक कमांडो. दिग्दर्शक निखिल नागेश भट यांनी सांगितलंय की ते एकदा गाडीत झोपलेले असताना त्याच गाडीवर दरोडा पडला होता. कल्पना तिथून आली. अ‍ॅक्शन कोरियाच्या से-योंग ओ आणि आपल्या परवेझ शेख यांची.

हा सिनेमा इतका का भिडतो, हे आज नीट उमगलं. आपल्याला डबा पाठ आहे. साइड लोअर कुठे, पडदा कुठल्या बाजूला सरकतो, दोन डब्यांच्या मधली हलणारी जागा, बेसिन, टॉयलेटचं दार, वरच्या बर्थवर चढायची शिडी. गेममध्ये एखादी लेव्हल पाठ व्हायला कितीतरी वेळा मरावं लागतं. इथे बहुतेक प्रेक्षक नकाशा डोक्यात घेऊनच थिएटरात शिरतो. त्यामुळे कमांडो झालेला नट लक्ष्य बर्थच्या मधल्या बोळात अडकतो तेव्हा त्याला वळायला किती जागा आहे हे आपल्या खांद्यांना आधीच माहीत असतं. अरुंद जागेत मोठा हात फिरवता येत नाही म्हणून सगळे वार जवळचे. कोपर, गुडघा, चाकू, जे हाताला लागेल ते. दिग्दर्शकाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ते जवळजवळ मध्यावर. त्याआधी नायक माणसांना नुसतं लोळवत असतो, त्यानंतर तो मारून टाकायला लागतो. नाव पडलं तेव्हा मित्र उठून बसला. पुढे दोनदा त्याने तोंड फिरवलं.

आणि एक गोष्ट, जी मला गेममध्ये हवी आहे आणि सहसा मिळत नाही. हे दरोडेखोर एकमेकांचे नातेवाईक आहेत. काका, भाऊ, मुलगा. एक पडला की बाकीचे त्याच्यावर कोसळून रडतात. ते क्रूर आहेत, राघव जुयालचा फणी तर अंगावर काटा आणतो, तरी त्यांचं रडणं खोटं वाटत नाही. गेममध्ये मी मारलेला माणूस काही सेकंदांत जमिनीत विरून जातो, पुढच्या खोलीत त्याच्यासारखाच दुसरा उभा असतो आणि त्याला पहिल्याचं काही माहीत नसतं. मेमरी वाचवायला हे करतात हे मला कळतं. पण 'किल' बघितल्यावर पडलेल्या शरीरांचं वजन जाणवायला लागलं, आणि ते जाणवावं असं मला मनापासून वाटतं.

'जॉन विक' मालिकेचे दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की यांच्या कंपनीने 'किल'चा इंग्रजी रिमेक करायचं जाहीर केलंय. आनंद आहे. पण अमेरिकेतल्या प्रेक्षकाला साइड लोअर म्हणजे काय ते कसं कळणार?

रविवार

दिवसभर 'घोस्ट ऑफ योतेई'. ऑक्टोबर २०२५मध्ये आला. सन १६०३चं एझो, म्हणजे आजचं होक्काइडो. आत्सू नावाची बाई घरच्यांच्या हत्येचा बदला घ्यायला परत आली आहे. कुठे जायचं ते वारा दाखवतो: कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवलं की गवत त्या दिशेला वाकतं. निम्मा वेळ मी नुसता घोड्यावरून भटकलो.

शत्रूच्या हातात जे हत्यार, त्यावर आपलं एक ठरावीक हत्यार भारी पडतं. भालेवाल्यापुढे दोन्ही हातांत कताना, म्हणजे जपानी तलवारी, ढालवाल्यापुढे कुसारीगामा, म्हणजे साखळीला बांधलेला कोयता. तो घुमवताना भोवती एक वर्तुळ तयार होतं आणि त्यात कुणी शिरत नाही.

यात 'मीके मोड' आहे, जपानी दिग्दर्शक ताकाशी मीके यांच्या नावाचा. लावला की रक्त आणि चिखल वाढतो आणि लढाईत कॅमेरा आत्सूच्या अगदी जवळ येतो. दिसायला जबरदस्त. दुपारी त्यातच खेळलो. गंमत अशी की मी तोच, हत्यारं तीच, शत्रू तेच, तरी सारखा मरत होतो. मागे कोण आहे ते दिसतच नव्हतं. मोड बंद केला, कॅमेरा मागे गेला, आणि तीच टोळी पहिल्या फटक्यात संपवली. शुक्रवारपासून जे डोक्यात होतं त्याचा इतका स्वच्छ पुरावा मला शोधूनही मिळाला नसता. कॅमेरा जितका जवळ तितका थरार जास्त आणि समज कमी. काय निवडायचं हे या गेमने माझ्यावर सोडलं, हे फार आवडलं. सिनेमात ते दिग्दर्शक ठरवतो.

कुसारीगामा घुमवताना सतत दांडपट्टा आठवत होता. कोल्हापुरात मर्दानी खेळांची प्रात्यक्षिकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कळेल. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो, मनगट वळतच नाही. सगळा फिरवा कोपर, खांदा आणि कंबरेतून. म्हणून तो खेळणारा सतत गोल फिरताना, उड्या मारताना दिसतो. थांबला तर पट्टा थांबला. तलवारीचं नियंत्रण उचलून दांडपट्ट्याला लावून चालणारच नाही, त्याला वेगळी बटणं, वेगळी लय लागेल. चांगल्या गेमचं बीज असंच असतं.

आणि घोडखिंड! १३ जुलै १६६०. पन्हाळ्याहून रात्री निघून पावसा-चिखलात विशाळगडाकडे धावलेली दमलेली माणसं, मागे सिद्दी मसऊदची फौज. खिंड अरुंद, त्यामुळे समोरची फौज कितीही मोठी असली तरी एका वेळी थोडेच जण अंगावर येऊ शकतात. बाजीप्रभूंनी ती जागा धरली कारण आकड्यांचं गणित तिथे बदलत होतं. आपण शाळेत हे शौर्य म्हणून शिकलो, ते आहेच, पण ती जागेची पारखही आहे. असा गेम करा की ज्यात जिंकता येत नाही. शत्रू संपतच नाहीत. महाराज गडावर पोचल्याच्या तोफा ऐकू येईपर्यंत खिंड सोडायची नाही, एवढंच काम. हात जड होत जातात, पॅरीची मुदत आखडत जाते, आणि कान तोफांकडे. मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

सोमवार

ऑफिसहून उशिरा आलो, डोकं चालत नव्हतं. अर्धा तास 'डूम: द डार्क एजेस'. ढाल, करवत, हिरवा वार आला की परतवायचा, बस. पॅरीची मुदत आणि गेमचा वेग आपल्याला हवा तसा कमी-जास्त करता येतो, ही सोय प्रत्येक गेममध्ये हवी. ज्याचे हात मंद आहेत त्यानेही खेळावं की.

बुधवार

'जॉन विक ४'मधला तो वरून घेतलेला प्रसंग पुन्हा पाहिला. पॅरिसमधलं जुनं घर, छत काढून टाकल्यासारखा कॅमेरा वर जातो, आणि कितीतरी वेळ तो खाली येतच नाही. खोल्या, दारं, भिंतीआडचे मारेकरी, सगळं एकाच वेळी दिसतं, आणि बंदुकीतून आगीचे लोळ. स्टाहेल्स्की यांनी ही कल्पना 'द हाँगकाँग मॅसेकर' या २०१९च्या गेमवरून घेतल्याचं स्वतः सांगितलं आहे. तो गेम पूर्ण वरूनच खेळायचा आहे. 'द मेट्रिक्स'मध्ये कियानू रीव्हजच्या जागी स्टंट करणारा माणूस, दिग्दर्शक झाल्यावर एका छोट्या गेमकडून शिकतो, आणि ते मोकळेपणाने सांगतो. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

त्याच जगातला 'बॅलेरिना' जूनमध्ये पाहिला होता. सुरुवातीचा भाग विसरलो. पण शेवटी बर्फातल्या गावात आना दे आर्मास आग ओकणारी बंदूक घेऊन उभी राहते आणि समोरचा पाण्याचा पाइप रोखतो, ते विसरणार नाही. एकीकडे ज्वाळा, एकीकडे पाणी. कोण पुढे सरकतंय, कोण मागे हटतंय, हे कुणीही न सांगता दिसतं.

'मिशन: इम्पॉसिबल'च्या शेवटच्या भागातली विमानंही तशीच. एक लाल, एक पिवळं. टॉम क्रूझ खरोखर पंखावर लोंबकळतोय हे सगळे बोलले, बोलायलाच हवं. पण आकाशात ना भिंत ना रस्ता, तिथे नजर धरायला दोन रंग दिले म्हणून ती कसरत समजते. रंग सारखे असते तर इतक्या जिवावरच्या धाडसाचा निम्मा परिणाम वाया गेला असता. संवाद मात्र खूपच लांबले होते.

गुरुवार

'राजी' पुन्हा काढला. २०२०चा, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. हातात त्रिशूळ. कॅमेरा बहुतेक वेळ उंचावर, त्यामुळे राजवाड्याचं अख्खं अंगण, खांब, गवाक्षं एका नजरेत येतात. ती भिंतीवर धावत जाऊन उडी मारते, खांबाला धरून गरकन फिरते आणि भोवतीच्या सगळ्यांना उडवते. म्हणजे खांब नुसता शोभेचा नाही, तो तिचं हत्यार आहे. गोष्ट मध्येच तुटते आणि गेम लवकर संपतो, हे खरंय. पण त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमच्या नामांकनात आपल्या पुण्याचं नाव होतं, आणि ते योग्यच होतं.

रात्री धाकट्या मावसभावाचा फोन. 'सिल्कसाँग' या गेममध्ये अडकलाय, 'लास्ट जज' नावाच्या बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी. "दादा, तिथवर पोचेपर्यंतच जीव जातो रे." खरंच आहे, त्या बॉसपर्यंतची वाट बॉसइतकीच कठीण आहे. तरी त्याला म्हटलं, या गेममध्ये सगळं बाजूने दिसतं, एका चौकटीत. लपवलेलं काही नाही. पहिल्या काही खेपा मारूच नकोस, नुसता टिकून राहा आणि बघ तो हात केव्हा मागे नेतो. रविवारी त्याच्याकडे जातोय. तोवर एवढंच सांगून ठेवलंय, की तो मेल्यावर फुटतो, तेव्हा आनंदाने तिथेच उभा राहू नकोस, लगेच लांब पळ.