पलंगावर निपचित पडलेली बेटी

आर्थर मिलर यांच्या ‘द क्रुसिबल’ या नाटकाविषयी बोलताना चर्चा होते ती शेतकरी जॉन प्रॉक्टर आणि पाद्र्याच्या घरी राहणारी त्याची नातलग मुलगी अ‍ॅबिगेल यांच्या भूमिकांची. मला मात्र हे नाटक पुन्हा पुन्हा वाचताना पहिल्या अंकातली छोटी बेटी पॅरिस अधिकाधिक अवघड वाटत गेली आहे. चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसांवर चाललेल्या खटल्यांचे हे नाटक. पडदा उघडतो तेव्हा अमेरिकेतल्या १६९२ सालच्या सेलम गावातील पाद्र्याची ही दहा वर्षांची मुलगी पलंगावर निपचित पडलेली असते. आदल्या रात्री मुली रानात नाचत असताना तिचा बाप झुडपांतून अचानक पुढे आला आणि त्या धसक्याने तिने अंथरूण धरले.

त्यानंतर खोलीत जो येतो तो या न बोलणाऱ्या देहावर आपापली भीती लादतो. बापाला धर्मपीठ हातचे जाण्याची धास्ती आहे, तर सात तान्ही मुले गमावलेल्या अ‍ॅन पुटनमला त्या मृत्यूंसाठी कोणीतरी दोषी हवे आहे. खालून स्तोत्राचे सूर येताच बेटी कानांवर हात ठेवून कण्हू लागते, आणि देवाचे नाव हिला सोसवत नाही, असा निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो. अकरा मुले वाढवलेली म्हातारी रिबेका नर्स (नर्स हे तिचे आडनाव) जवळ येऊन नुसती उभी राहते, तेवढ्याने पोर शांत होते. पण ही साधी गोष्ट कोणी मनावर घेत नाही. अशा वेळी बेटी करणाऱ्या मुलीने डोळे मिटून पडून राहणे पुरेसे नाही, तिने सगळे ऐकत पडले पाहिजे, कारण पुढे ती जे बोलते ते इथेच तिच्या कानांवर पडत असते.

मध्येच ती उठते, ‘आई हवी’ म्हणून रडते, आईकडे उडून जाण्यासाठी खिडकीकडे धावते, अ‍ॅबिगेलचे गुपित फोडते आणि तिची थप्पड खाते. नाटकात आई मेलेली आहे. इतिहासातली ही आई, एलिझाबेथ पॅरिस, मात्र १६९६ पर्यंत जिवंत होती. अ‍ॅबिगेलचे वय मिलर यांनी सतरापर्यंत वाढवले याची चर्चा पुष्कळ होते, या बदलाची फारशी होत नाही. माझ्या मते बेटीच्या भूमिकेचा कणा इथेच आहे. भुताटकीचा आव आणून केलेला हा प्रसंग म्हणूनच मला पटत नाही. ती झपाटलेली नाही, घाबरलेली आणि पोरकी आहे.

अंकाच्या शेवटी पाद्र्याची गुलाम टिटुबा हिला आधी फटक्यांची आणि फाशीची धमकी मिळते आणि तिने चेटकाची कबुली देताच, चेटूक ओळखण्यासाठी बोलावलेले पाद्री रेव्हरंड हेल तिचा हात हातात घेतात. चेटकीण म्हणून दुसऱ्या कोणाचे नाव घेतले की जवळ घेतले जाते, हे अ‍ॅबिगेलच्या ध्यानात येते आणि तिच्यामागोमाग बेटीच्याही. मग बेटीही एकेकाचे नाव घेत सुटते. त्यामुळे तिच्या त्या नामावळीत किंचाळण्यापेक्षा सुटकेचा आनंद ऐकू आला पाहिजे, आणि तोच अंगावर काटा आणतो. १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा अमेरिकेत कम्युनिस्टांची नावे सांगण्यासाठी लोकांना चौकशी समितीपुढे उभे केले जात होते. १९५६ मध्ये खुद्द मिलर यांनाही बोलावले गेले आणि त्यांनी इतरांची नावे सांगण्यास नकार दिला.

इतिहासातल्या नऊ वर्षांच्या बेटीला खटले पुरते सुरू होण्याआधीच दुसऱ्या कुटुंबात राहायला पाठवले गेले. सेलममध्ये एकोणीस जणांना फाशी झाली, त्यांत रिबेका नर्सही होती. बेटीने पुढे लग्न करून संसार केला. मिलर यांची बेटी तिसऱ्या अंकात न्यायालयात येते, पण तिथे ती मुलींच्या घोळक्यातली एक असते. तालमींच्या सोयीसाठी ही भूमिका अठरा-वीस वर्षांच्या मुलीला देण्याची तडजोड मला म्हणूनच महागात पडणारी वाटते: त्या घोळक्यात एक खरोखरची लहान मुलगी दिसली, तर न्यायाधीश कोणाच्या शब्दावर माणसे फासावर चढवत आहेत हे प्रेक्षकांना वेगळे सांगावे लागत नाही.