साठवलेल्या रात्री, वाईच्या काठी

काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. "मॅडम, तुम्ही आमच्या गोल्ड मेंबर आहात ना, म्हणून खोली वरच्या श्रेणीतली करून दिलीय. अगदी नदीलगत, तळमजल्यावर. दार उघडलं की अंगण आणि पुढे पायऱ्या, थेट कृष्णेत!"

आईने माझा दंड घट्ट धरला. "तळमजला नको."

"अगं, तीच इथली सगळ्यात चांगली खोली आहे."

"असू दे. वरची असेल तर बघ. नाहीतर आपण माघारी जाऊ."

नदीकाठी दोन दिवस राहायचं म्हणून सांगलीहून दीडशे किलोमीटर आलो होतो, आणि नदीसमोरची खोली नको म्हणून काउंटरवर थांबलो होतो. ती मुलगी गोंधळली. मी मात्र गोंधळले नाही. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचं घर सांगलीच्या गावभागात. सांगलीकर नदी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या जवळ थांबलं होतं आणि त्याची खूण आमच्या जिन्यालगतच्या भिंतीवर होती. त्या खुणेवर आईचा पूर्ण विश्वास. ऑगस्ट २०१९ मध्ये मी फोनवर "निघ तिथून, मावशीकडे जा" म्हणत होते, तेव्हा ती म्हणाली, "गेल्या वेळी इथवरच आलं होतं. त्याच्या वर येत नाही." त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. शेजारच्या पोरांनी आईला पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बोटीत घेतलं.

मी तेव्हा नागपुरात होते, हॉटेलच्या खोलीत, टीव्हीसमोर. सांगलीला येणारे रस्ते एकेक करून बंद होत होते. पाच रात्री मी तिथे काढल्या. शेवटच्या दिवशी फोनवर संदेश आला : मुक्कामाबद्दल आभार, तुमच्या खात्यात इतके पॉइंट जमा झाले आहेत.

वाईची ही सहल त्याच खात्यातून झाली.

मी रक्ततपासणीच्या यंत्रांची सर्व्हिस करते. नागपूर, नाशिक, सोलापूर, हुबळी, जिथल्या लॅबमधलं यंत्र बंद पडेल तिथे बॅग उचलून निघायचं. महिन्याच्या आठ-दहा रात्री बाहेर जातात. नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठ सहकाऱ्याने सांगितलं होतं, "उतरायचंच आहे तर एकाच चेनच्या हॉटेलात उतर आणि मेंबर हो. रात्री वाया घालवू नकोस." तेव्हापासून मी तसंच करत आले.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही कल्पना मुळात विमान कंपन्यांची. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी योजना काढली आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी ती हॉटेलांत आणली. खोलीच्या भाड्यावर पॉइंट मिळतात, ते साठले की त्यांवर पुढचा मुक्काम फुकट मिळतो, आणि वर्षभरात किती रात्री राहिलात त्यावरून तुमची पायरी ठरते. उदाहरणार्थ मॅरियटच्या बॉनव्हॉय या योजनेत १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. सलग २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर साठलेले पॉइंट जातात. माझी चेन वेगळी आहे, पण हिशोबाची रीत तीच. रात्र मोजायची. घराबाहेर झोपलेली प्रत्येक रात्र खात्यावर चढते. वर्षाच्या शेवटी ॲपमध्ये तो आकडा दिसतो, आणि त्या वर्षी आईने किती रात्री एकटीने जेवण केलं हेही मला त्यातच दिसतं.

म्हणून ठरवलं होतं की हे पॉइंट खर्चायचे ते तिच्याबरोबरच. गोवा नको, केरळ नको. तिचं आजोळ वाईचं. लहानपणी ती कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाला आईचं बोट धरून यायची. गणपती आळीतला तो वाडा आता राहिलेला नाही, पण फेब्रुवारीत उत्सव असतोच, आणि वाईच्या अलीकडे नदीला लागून आमच्या चेनचं एक रिसॉर्ट आहे हे मला ॲपवर दिसलं. दोन रात्री पूर्ण पॉइंटवर मिळाल्या.

यात एक गोष्ट जिव्हाळ्याने सांगावीशी वाटते, कारण माझं त्यात नुकसान झालं आहे. बुकिंग नेहमी त्या चेनच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा फोनवरून करा. माझे दोन मोठे मुक्काम ऑफिसच्या एजंटाने बाहेरच्या साइटवरून बुक केले होते. बिल चुकतं झालं, रात्री झाल्या, पण खात्यात काहीच आलं नाही. पाठपुरावा करूनही उपयोग झाला नाही, कारण नियम तसाच लिहिलेला होता आणि मी तो वाचला नव्हता. त्या अकरा रात्रींची मला अजून हळहळ आहे. पैसे देऊन राहणार असाल तर मेंबरचा दरही थेट बुकिंगलाच मिळतो. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या बिलावरून अंदाज बांधू नका. आणि मोठी खोली मिळणं हा हक्क नाही. त्या दिवशी रिकामी असेल तर देतात.

आम्हाला दिली होती, आणि आम्हालाच ती नको होती.

काउंटरवरच्या मुलीने पुन्हा शोधलं. वरच्या मजल्यावर एकच खोली होती, मागच्या बाजूची, साधी. "नदी दिसणार नाही, आजी," ती म्हणाली. आई म्हणाली, "चालेल." मुलीने कारण विचारलं नाही, पण "सांगली" असा पत्ता लिहिताना क्षणभर थांबली आणि मग हळूच म्हणाली, "माझी आत्या सांगलीवाडीला असते." त्यापुढे तिला काही सांगावं लागलं नाही.

मागची खोली मला आवडली. खिडकीतून उसाचे फड, त्यापलीकडे पसरणीचा घाट. अंधार पडल्यावर पाचगणीकडे चढणाऱ्या गाड्यांचे दिवे वळणावळणाने वर जाताना दिसत होते. आई बराच वेळ ते बघत बसली. मग पिशवीतून भडंगाचा डबा निघाला. मेंबरला नाश्ता फुकट असतो हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मग सकाळी बघू. आत्ता हे खा."

संध्याकाळीच ती एकदा खाली जाऊन आली होती. पायऱ्यांपाशी एक माळीकाका पाणी घालत होते. तिने पहिला प्रश्न विचारला तो, "इथे पाणी कुठवर येतं?" काकांनी बोट दाखवलं. "एकवीसच्या जुलैत त्या आंब्याच्या बुंध्याला लागलं होतं, आई." तो आंबा आम्हाला देऊ केलेल्या खोलीच्या अंगणातच होता. आई माझ्याकडे बघून काही बोलली नाही. मग तिने पाण्याबाहेरच्या पायऱ्या मोजल्या. अकरा.

सकाळी मी उठले तेव्हा ती खोलीत नव्हती. खाली पायऱ्यांशी उभी होती. "अकराच आहेत," ती म्हणाली. फेब्रुवारीत पूर येत नाही हे तिला कळतं. पण वर धोम धरण आहे, दारं-मोऱ्या धरणवाल्यांच्या हातात, पाणी कधीही कमीजास्त होऊ शकतं हेही तिला कळतं.

वाईत सगळ्यात आधी ढोल्या गणपती. सरदार गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये हे मंदिर नदीच्या पात्राला लागूनच बांधलं. मूर्ती एकाच काळ्या दगडातली, प्रचंड. मी लहानपणापासून समोरूनच दर्शन घेऊन परत फिरत आले होते. आईने या वेळी मला मागे नेलं. मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी तिच्यावर आलं की दोन बाजूंना फाकतं आणि गाभाऱ्यावर थेट आदळत नाही. आईने त्या दगडांवरून हात फिरवला. गाभाऱ्यात थांबली त्यापेक्षा जास्त वेळ ती इथे थांबली. "बघ, देवालासुद्धा पुराची तयारी करून बसवलाय," ती म्हणाली, आणि भिंतीच्या टोकाशी उभं राहून पाणी कुठून येईल, कसं वळेल, ते हाताने मला दाखवत राहिली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी केलेला तो विचार तिला जितका कळला तितका मला कधीच कळला नसता.

मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि मागचा घाट पाहिला. तिथली घंटा चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेतून, म्हणजे १७३९ मध्ये, आलेली. तिच्यावर १७०७ हे साल कोरलेलं आहे. घाटावर त्या दिवशी फारसं कोणी नव्हतं. धोमला नंदी पाहिला, दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगल्यासारखं दिसतं म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा कुंड कोरडं होतं. ऊन चढलं होतं, आईचे पाय दुखत होते, तिथून लवकर निघालो.

खरी ओढ संध्याकाळची होती. अफझलखान वाईचा सुभेदार होता. १६५९ मध्ये तो महाराजांवर चालून आला तेव्हा स्वराज्यावरचं संकट टळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि तेव्हापासून हा उत्सव सुरू झाला, अशी वाईची परंपरा सांगते. एका घाटाचा उत्सव उरकला की पुढच्या घाटाचा, असा तो चालत राहतो. कृष्णाबाई मूर्तिरूपाने मांडवात येऊन बसते, दागिने, नऊवारी, समोर ओट्यांचा ढीग. आईने सांगलीहूनच खण-नारळ आणला होता. मला ते माहीत नव्हतं.

रांगेत उभं असताना मी विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. "घर बुडवलं तिने. तुला राग नाही येत?"

आईने पदर सारखा केला. "इथे ती माहेरी आहे गं. इथे तिला काय बोलायचं? पुढे माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना मिळते, सगळ्यांचं घेऊन ती आपल्याकडे येते. तिथे भेटेल तेव्हा बघू." मग तिचा नंबर आला. तिने ओटी भरली, वाकून नमस्कार केला आणि उठताना माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. वाटेत साखरफुटाणे खाईपर्यंत मी काही बोलले नाही.

परत आलो तर काउंटरवरची मुलगी वाट बघत होती. वरच्या मजल्यावरची, नदीच्या बाजूची एक खोली दुपारी रिकामी झाली होती. आमचं सामान तिने विचारल्याशिवाय हलवलं नव्हतं. "आजींनी आधी बघावी, पटली तरच." आई गेली, गॅलरीत उभी राहिली, खाली वाकून बघितलं. आंबा खाली, पायऱ्या त्याहून खाली. "ही चालेल."

त्या रात्री आम्ही गॅलरीत खुर्च्या ओढून बसलो. नदीचा आवाज फार नव्हता. पलीकडच्या काठावर कुणाच्या तरी मोटारपंपाचा आवाज येत होता, मध्येच तो बंद झाला. आई आजोळच्या गोष्टी सांगत होती. कुठली मावशी कुठल्या घाटावर पोहायला शिकली, कुणाचा लोटा वाहून गेला. मग एकदम म्हणाली, "एकोणीसला तू नागपुरात जेवली होतीस का नीट?"

सहा-साडेसहा वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. तीन दिवस नुसत्या चहावर काढले होते, रूम सर्व्हिसवाला मुलगा रोज दार वाजवायचा, "मॅडम, सांगलीचं काही कळलं का?" म्हणून विचारायचा आणि एक दिवस स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी ठेवून गेला. त्याचं नावही मला आठवत नाही. आई म्हणाली, "पुन्हा त्या हॉटेलात गेलीस की विचार. आठवेल कुणाला तरी." मी विचारणार आहे.

मेंबरला खोली उशिरा सोडण्याची सवलत असते, चारपर्यंत. आईला ती सगळ्यात जास्त पटली. दुपारी ती गॅलरीचं दार उघडं ठेवून शांत झोपली. पाण्याचा आवाज येत असताना तिला अशी झोपलेली मी फार वर्षांनी पाहिली. मी शेजारी बसून राहिले.

निघताना काउंटरवरच्या मुलीने खात्यातली नोंद दुरुस्त करायला घेतली. "आजी, तुमच्या मुलीच्या नावावर आवड लिहून ठेवते, म्हणजे आमच्या कुठल्याही हॉटेलात गेलात तरी दिसेल. काय लिहू? नदीकडची नको असं?"

आईने पिशवी खांद्याला लावली. "नदीकडचीच लिही," ती म्हणाली. "पण वरची. आणि पावसाळ्यात आम्ही येणार नाही, तेही लिही."