तोंडाशी आलेली सोंगटी सोडून लांबची का मारायची?

गणपतीत मालवण-वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत वाडीवाडीत कॅरमच्या स्पर्धा होतात. बोर्डाभोवती उभं राहून बघणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: पॉकेटच्या तोंडाशी सोंगटी असताना हा लांबची अवघड का मारतोय? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितो.

तोंडाशी आलेली सोंगटी सहसा पळून जात नाही. शिवाय ती तिथे बसून काम करत असते. त्या पॉकेटात समोरच्याला स्वतःची सोंगटी सरळ घालायची असेल, तर आधी तुमची आत जाते. दुसरं, ते तुमचं राणीचं कव्हर असतं. राणी घेतल्यावर त्याच किंवा लगेचच्या फटक्यात आपली सोंगटी गेली नाही, तर राणी परत मधोमध येते. सोप्या सोंगट्या आधीच संपवल्या की 3 गुणांची राणी पुढ्यात असूनही तिला हात लावायची हिंमत होत नाही. म्हणून हातात डाव असताना आधी अडचणीच्या सोंगट्या मोकळ्या करायच्या: पट्टीला (बोर्डाच्या कडेच्या लाकडाला) चिकटलेली, समोरच्याच्या सोंगटीमागे दडलेली, किंवा आपल्याच बेसलाइनच्या (स्ट्रायकर ठेवायच्या रेषेच्या) मागे पडलेली.

पण समोरच्याच्या एक-दोनच सोंगट्या उरल्या असतील आणि तुम्हाला बोर्ड (म्हणजे ही फेरी) निघेल असं वाटत नसेल, तर हिशेब उलटा करा. तुमची बोर्डावर उरलेली प्रत्येक सोंगटी म्हणजे त्याला एक गुण. अशा वेळी सोप्या सोंगट्या आधी उचला. गेम 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा असतो, हरलेल्या बोर्डात वाचवलेले दोन-तीन गुणही शेवटी उपयोगी पडतात. तसंच, तुमचे 22 गुण झाले की राणीचे गुण तुम्हाला मिळत नाहीत. मग राणीसाठी जोखमीचा फटका मारून काय मिळवणार? मात्र राणी बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी घालू नका, बोर्ड जातो.

खरी निवड मात्र स्ट्रायकर कुठे थांबेल यावर होते, आणि तिकडेच सर्वात कमी लक्ष दिलं जातं. स्ट्रायकर 15 ग्रॅमपर्यंत, सोंगटी साधारण 5 ग्रॅम. त्यामुळे सरळ मध्यावर मारलं तरी स्ट्रायकर जागीच थांबत नाही, सोंगटीच्या साधारण एक तृतीयांश वेगाने तिच्या मागोमाग सरकतो. जोरात मारलं आणि सोंगटी पॉकेटजवळ असली की तोही आत जातो. मग ड्यू बसतो: आत गेलेली सोंगटी आणि दंडाची आणखी एक परत बोर्डावर, आणि त्या ठेवणार समोरचा, मधल्या मोठ्या वर्तुळात. उपाय दोन. सोंगटी जेमतेम पॉकेटात पोहोचेल इतकाच हलका फटका मारा, स्ट्रायकर बऱ्याच मागे थांबतो. नाहीतर बेसलाइनवर थोडं सरकून किंचित काट द्या (सोंगटीला मध्यावर न मारता जरा कडेला मारा), म्हणजे स्ट्रायकर पॉकेट सोडून बाजूला निघतो. फार बारीक काट मात्र टाळा. सोंगटीला वेग मिळत नाही, स्ट्रायकर जवळजवळ पूर्ण वेगाने सुटतो आणि पट्टीवरून फिरून नको तिथे जातो, कधी दुसऱ्या पॉकेटातही.

दोन फटके सारखेच सोपे वाटले तर स्वतःला एकच विचारा: हुकला तर समोरच्याला काय मिळेल? हुकल्यावर मधला घोळका फुटत असेल, तर तो फटका नको. विचाराला वेळ थोडाच, नियमाने 15 सेकंद. म्हणून हे आधी, समोरच्याच्या पाळीतच ठरवून ठेवावं.

आपल्याकडे यात पावसाची भर पडते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत प्लायवूड ओल धरतं, पावडरीच्या गुठळ्या होतात, बोर्ड जड होतो, सोंगट्या कमी सरकतात. अशा बोर्डावर डबल (सोंगटी पट्टीला आपटून परत येते तो फटका) आणि दोन पट्ट्यांचे फटके अर्ध्यातच मरतात. ते भरून काढायला जोर लावला की अचूकपणा जातो. म्हणून तेव्हा सरळ फटके आणि जवळच्या सोंगट्या घ्या, लांबच्या सोंगट्या एका फटक्यात घालण्यापेक्षा आधी पॉकेटजवळ आणून ठेवा. पावडर वाढवत राहिल्याने फायदा नाही. जुनी पावडर कोरड्या सुती कपड्याने पूर्ण पुसून नवी चिमूटभर टाका. बोर्डावर जुना पिवळा बल्ब असेल तर खेळाआधी अर्धा तास लावून ठेवा, त्याच्या उबेने पृष्ठभाग सुकतो. एलईडीने उजेड पडतो, पण बोर्ड सुकत नाही.